चन्नूअण्णांचा नंबर

आमच्या सोसायटीतून सकाळी बाहेर पडायचं तर आधी चन्नूअण्णांच्या सायकलचं टायर अंगठ्यानं दाबून बघावं लागतं. दूधवाला दाबतो, पेपरवाला दाबतो, दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याची घाई असली तरी दाबून जातात. अण्णा शेजारी उभे राहून टायरकडे नाही, दाबणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. "कशी वाटती हवा?" 'बरी आहे' म्हटलं की त्यांना संशय येतो. 'जास्त वाटते' म्हटलं की लगेच फुस्स करून सोडतात, आणि मागून येणाऱ्यानं 'कमी आहे' म्हटलं की परत पंप घेऊन बसतात. "हवेतच माणूस फसतो की," असं त्यांचं म्हणणं. माणूस हवेत फसतो, साखळीत फसतो, बाटलीच्या बुचात फसतो. माणूस फसत नाही अशी जागा अण्णांना अजून सापडलेली नाही.

चनबसप्पा हे त्यांचं पूर्ण नाव. सोलापुरात विजापूर रोडला आमच्या समोरच्याच दारात राहतात. वय पंचावन्नच्या पुढे, मिशी काळी केलेली, पोट जिथल्या तिथे. बाजारात पाण्याच्या मोटारी आणि पाइप यांचं दुकान आहे. मी बँकेत रोखपाल आहे हे त्यांना चांगलं माहीत आहे, तरी ते मला 'म्यानेजर' म्हणतात. बढती मला बँकेनं दिली नाही, अण्णांनी दिली. तिची परतफेड म्हणून वर्षातून एकदा मला त्यांच्या शर्यतीला जावं लागतं.

ही शर्यत साधी नाही. तिला ग्रॅव्हल रेस म्हणतात. म्हणजे चांगला डांबरी रस्ता शेजारी असताना मुद्दाम खडी, मुरूम आणि काळ्या मातीच्या गाडीवाटेनं सायकल हाणायची. ज्या रस्त्यांवरून लोक पुढाऱ्यांना शिव्या घालतात, त्याच रस्त्यांवरून जायला ही मंडळी आधी नाव नोंदवतात. सायकलही वेगळी असते. वाकड्या हँडलची, पण टायर जाड. आता टायर किती जाड असावं, हा जगातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. निदान अण्णांच्या जगातला तरी आहे.

चाळीस की पंचेचाळीस, असा तो प्रश्न. मिलिमीटरमध्ये. मी पट्टी घेऊन बघितलं, फरक डोळ्याला दिसतो न दिसतो. पण चाळीस घातलं तर सायकल पळते आणि मुरमात बसते. पंचेचाळीस घातलं तर मुरमात तरते, पण काळी माती लागली की चाकात अडकून सायकल जागेवर उभी. शिवाय बाभळीचा काटा. तो दोन्हींत जातो. अण्णांकडे तीन जोड आहेत आणि ते बाल्कनीत वाळत घातलेले असतात. मधल्या दोरीवर वहिनी कपडे टाकतात. महादेवी वहिनींना सायकलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. अण्णांचं टायरपुराण चालू झालं की त्या आतून कन्नडमध्ये "साकु री" म्हणतात, म्हणजे पुरे झालं आता.

पुरे कधी होत नाही. अक्कलकोटला अण्णांच्या चुलत भावाच्या मुलाचा साखरपुडा होता. मीही गेलो होतो. अंगठी घालायची वेळ झाली आणि नवरदेव सापडेना. शोधाशोध झाली तेव्हा कळलं, तो मांडवामागे अण्णांबरोबर उभा आहे. पोरगा इंजिनियर, त्यामुळे अण्णांनी त्याला गाठून विचारलं होतं, "पुढं चाळीस, मागं पंचेचाळीस घातलं तर? तुमचं शास्त्र काय म्हणतंय?" पोरगा घामाघूम. सासरच्या लोकांना वाटलं काही देण्याघेण्याचं बिनसलं. पुढचा अर्धा तास सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

वजनाचंही तसंच. अण्णांनी सायकलवरची घंटी काढली, स्टँड काढला, हँडलच्या टोकाची बुचं हलकी बसवली. शर्यतीच्या दिवशी तर स्वतःचा मोबाईलसुद्धा माझ्याकडे देतात. "दोनशे ग्रॅम वाचले, म्यानेजर." आणि मग हँडलला पुढून पिशवी बांधायचे, तिच्यात अर्धा डझन कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी. बाकीचे लोक शर्यतीत ते चिकट गोड जेल चोखतात. अण्णांनी एकदा चोखलं आणि दिवसभर तोंड वाकडं करून हिंडले.

ह्या पिशवीवरून दरवर्षी भांडण व्हायचं, कारण नंबरही तिथंच लागतो. शर्यतीचा नंबर म्हणजे तळहाताएवढा जाड प्लास्टिक-कागदाचा तुकडा. तो हँडलच्या पुढे, सरळ, न दुमडता, न कापता लावायचा असा नियम आहे. पिशवी असली की नंबर वर उचलला जातो, आभाळाकडे बघतो. बाजूला लावला की गुडघ्याला लागतो. अण्णांनी दुकानातला अर्धा इंची पाइप कापून त्याला एल्बो लावून नंबरसाठी एक स्टँड केला. आयोजकांतला एक चष्मेवाला तरुण बराच वेळ त्या स्टँडकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, ह्यातून पाणी येतं का?" स्टँड काढावा लागला. शेवटी पिशवी सीटच्या मागे गेली. नंबरसाठी अण्णांनी भाकरी मागं सारली हे बघून मला नवल वाटलं होतं.

आता एक गोष्ट मधेच सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. अण्णांच्या घरात फोनची एक जुनी पद्धत आहे. कुठंही गेलं की पोचल्यावर घरी एक रिंग द्यायची. घरच्यांनी उचलायचं नाही, उलट एक रिंग द्यायची, म्हणजे कळलं. बोलायला पैसे पडायचे तेव्हाची ही पद्धत. आता बोलणं जवळजवळ फुकट झालं तरी अण्णांनी ती सोडलेली नाही. रविवारी लांबची फेरी मारून आले की मला एक रिंग येते. मी उलट रिंग देईपर्यंत येतच राहते, मग मी आंघोळीला असो की देवाला. नवीन होतो तेव्हा एकदा मी उचलला. मग अण्णा दुखावल्यासारखे म्हणाले, "उचलायचा नसतो हो. रिंग हाय ती."

ही रिंग खरी गौरीची. गौरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात शिकायला होती तेव्हा हॉस्टेलवर पोचली की तिची रिंग, इथून अण्णांची रिंग, आणि मगच अण्णा जेवायला बसायचे. पुढे ती बेंगळुरूला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं. मुलगा चांगला, पण जात वेगळी. ती सांगायला आली त्या दिवशी समोरच्या दारातला आवाज आमच्या घरात येत होता. मी दार लावून घ्यायला हवं होतं, पण लावलं नाही. गौरी बॅग घेऊन जिना उतरायला लागली तेव्हा अण्णा उंबऱ्यातून म्हणाले, "जा. आन पोचलीस म्हणून रिंग देऊ नको."

गौरी वडिलांवर गेलेली. तिनं रिंग दिली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. वहिनी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तिच्याशी हळू आवाजात बोलतात. ते बोलणं चालू झालं की अण्णा हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी करतात. मी बसलेलो असलो की म्हणतात, "लई ओरडतात हे बातम्यावाले." सायकलचा नाद त्यांना त्याच वर्षी लागला.

गेल्या वर्षीची गोष्ट. शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर घ्यायला आम्ही गेलो. मोबाईलवर निरोप आला होता की नंबर शहाऐंशी. काउंटरवरच्या मुलीनं एक्क्याण्णव दिला. अण्णा म्हणाले, "माझा शहाऐंशी हाय." ती म्हणाली, यादी बदलली, आता एक्क्याण्णव. अण्णा म्हणाले, "मी सांगून बसलोय की, शहाऐंशी म्हणून." मागं रांग वाढली. कुणी म्हणालं, काकांचा ज्योतिषावर विश्वास दिसतोय. कुणी म्हणालं, शहाऐंशी हा गाडीचा नंबर असेल. अण्णा हलेनात. तो चष्मेवाला तरुण आला, त्यानं हात जोडले, म्हणाला, "काका, नंबर म्हणजे नुसता नंबर हो." अण्णांचा चेहरा असा झाला की मला त्यांचा हात धरून त्यांना बाजूला आणावं लागलं.

बाहेर येऊन त्यांनी वहिनींना फोन लावला. "नंबर बदलला. एक्क्याण्णव झालाय. हेळु." हेळु म्हणजे सांग. कुणाला सांग, ते अण्णा बोलले नाहीत, आणि वहिनींनी विचारलं नाही.

रांगेतले लोक हसले. मीही हसलो असतो, पण मला त्याच्या आदल्या वर्षीचं माहीत होतं.

त्या वर्षी अण्णांनी नंबर घरी आणला आणि थेट झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याचं लॅमिनेशन करून घेतलं. आपल्याकडे जे जपायचं त्याचं लॅमिनेशन होतं. आधार कार्डाचं होतं, दहावीच्या सर्टिफिकेटचं होतं, देवाच्या फोटोचं होतं. धूळ बसायला नको, घाम लागायला नको, म्हणून अण्णांनी नंबरचं केलं. मीही म्हणालो, छान झालं. आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं की नंबरच्या पाठीला एक पातळ चिप असते. रस्त्यात ठरावीक ठिकाणी काळ्या चटया अंथरलेल्या असतात. चटईवरून सायकल गेली की यंत्र पीं करतं, आणि तो नंबर कुठं पोचला ते इंटरनेटवर शर्यतीच्या पानावर जगात कुणालाही दिसतं. लॅमिनेशनच्या गरम मशीनमधून ती चिप भाजून निघाली होती.

माझं काम वाटेतल्या मंद्रूप गावात, चटईशेजारी केळी आणि पाणी घेऊन उभं राहायचं. अण्णा आले, दोन ग्लास पाणी प्यायले, चाळीसच्या टायरला चार शिव्या दिल्या आणि गेले. यंत्र गप्प होतं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं माझ्या खिशातला अण्णांचा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. नाव गौरीचं. मी उचलला.

"कोण? काका?" ती म्हणाली. "अप्पा कुठं हायत? सुरुवातीपासून कुठंच दिसंनात. नंबर टाकून टाकून बघतीय मी."

मी सांगितलं की आत्ताच गेले, ठणठणीत आहेत, टायरला शिव्या देत होते. तिच्या श्वासाचा आवाज आला. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

शर्यत संपल्यावर मी अण्णांना सांगितलं. यंत्राच्या मते अण्णा सोलापुरातून निघालेच नव्हते. निकालात त्यांच्या नावापुढे 'सुरुवात केली नाही' असं आलं. बाटलीच्या बुचावरून भांडणारा हा माणूस आयोजकांकडे गेलासुद्धा नाही. मला घेऊन एका झाडाखाली बसला. "काय म्हणली? पहिल्यापास्नं सांगा." मी पहिल्यापासून सांगितलं. "'बरं' म्हणली का 'बरं हाय' म्हणली?" मी म्हणालो, नुसतं बरं. "आवाज कसा होता? खोकला हाय का तिला? हिवाळ्यात खोकला व्हतो तिला." घरी पोचेपर्यंत त्यांनी मला ते तीन वाक्यांचं संभाषण इतक्या वेळा सांगायला लावलं की शेवटी मला स्वतःचीच खात्री वाटेना.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीच फोन करा की तिला." अण्णा म्हणाले, "काय म्हणू? मीच म्हणलं व्हतं रिंग देऊ नको."

तर हे सगळं पोटात ठेवून गेल्या वर्षी एक्क्याण्णव नंबर लावून अण्णा निघाले. प्रत्येक चटईवर पीं झालं. यंत्रात काही खोट नव्हती, टायर फुटलं नाही, अण्णा वेळेत आले. मी लांबूनच ओरडून सांगितलं, सगळीकडे नोंद झाली. अण्णा म्हणाले, "फोन?" मी म्हणालो, नाही आला. "बरोबर हाय. कशाला यील?" असं म्हणून त्यांनी गळ्यातलं पदक काढून पिशवीत टाकलं आणि भाकरी न खाता घरी आले.

मला काळजी वाटायला लागली ती यंदा. यंदा अण्णांना कशाचाच निर्णय होईना. टायर रोज बदलायला लागले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रात्रीचं उठून बसत्यात. गौरी अजून नंबर बघती का न्हाय, मला विचारत्यात. मी म्हणते, इचारा की तिलाच." मी गौरीला फोन करायचा विचार केला आणि सोडून दिला. दुसऱ्याच्या घरात हात घालायला मला भीती वाटते. तसा मी भित्राच आहे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी बँकेतून चहाला बाहेर पडलो, तर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापुढे अण्णा उभे. हातात नवा नंबर, एकशे चार. दुकानदारानं मशीन चालू केलेलं, लाल दिवा लागलेला, आणि तो अण्णांकडे हात पुढे करून थांबलेला. अण्णा नंबर देत नव्हते आणि परतही फिरत नव्हते.

मी जवळ गेलो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "म्यानेजर, लॅमिनेशन करावं का हो?"

मला आधी राग आला. म्हटलं, अण्णा, त्या वेळी काय झालं विसरलात का?

"न्हाय की," अण्णा म्हणाले. "तेच आठवतंय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नंबर भाजला की गौरीला अण्णा दिसणार नाहीत. दिसले नाहीत की ती फोन करणार. एवढा सोपा हिशोब होता आणि दुकानदार त्याचे वीस रुपये घेणार होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, द्या, करा लॅमिनेशन. मी नाही म्हणालोच नसतो.

दुकानदार म्हणाला, "काका, मशीन गरम झालंय. देताय ना?"

अण्णांनी नंबर उलटा केला. पाठीवरच्या त्या पातळ पट्टीवरून अंगठा फिरवला, टायर बघतात तसा. "त्या बारीला लई घाबरली असंल, न्हाय?" ते म्हणाले. मी मान हलवली. तिचा तो श्वास मला आठवत होता. "हितंच माणूस फसतो," अण्णा म्हणाले, आणि नंबर शर्टाच्या खिशात ठेवला. खिशात तो पूर्ण मावत नव्हता. दुकानदाराला त्यांनी आधार कार्ड काढून दिलं. त्याचं लॅमिनेशन आधीच झालेलं होतं. त्यानं तसंच परत दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी नंबर लावला तो मी बघितला. पिशवी मागे, नंबर पुढे, सरळ, तीन पट्ट्यांनी आवळलेला. वहिनींनी सायकलला विभूती लावली, पण नंबरला बोट लागू दिलं नाही. टायरं पंचेचाळीसची होती. निघताना अण्णा म्हणाले, "चुकलं वाटतंय. चाळीस घालायला पायजे व्हतं." आणि फोन माझ्या हातात दिला.

मंद्रूपला मी चटईला लागून उभा राहिलो. बाकीचे लोक आले आणि गेले, अण्णा येईनात. फोन खिशात होता आणि माझा हात फोनवर. वाजावा असं वाटत होतं आणि वाजू नये असंही वाटत होतं. शेवटी अण्णा दिसले, चिखलानं माखलेले. ओढ्याच्या काळ्या मातीत चाक अडकलं होतं. चटईवरून गेले. पीं झालं. तरी ब्रेक लावून थांबले. "वाजलं का?" मी म्हणालो, वाजलं. "नक्की?" नक्की. "फोन?" मी मान हलवून नाही म्हणालो. अण्णांनी पाणी घेतलं नाही, केळं घेतलं नाही. तसेच पुढे निघाले.

मी स्कूटरनं शेवटच्या रेषेपाशी जाऊन थांबलो. ऊन चढलं होतं, मांडवातल्या खुर्च्या आवरायला घेतल्या होत्या. अण्णा आले, रेषेवरून गेले, पीं झालं. मग उतरले, सायकल वळवली, उलटे मागे गेले आणि परत एकदा चटईवरून आले. परत पीं झालं. चष्मेवाला तरुण धावत आला. "काका, एकदा झालं की. नोंद झाली तुमची."

"असू द्या," अण्णा म्हणाले. "न्हाय वाजलं असलं तर?"

त्यांना धाप लागली होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. एकदा वाजला आणि बंद झाला.

मी बाहेर काढला. गौरीचं नाव होतं. कट झाला असेल असं समजून मी परत लावायला बोट नेलं, तर अण्णांनी चिखलाच्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट धरलं.

"लावू नका. उचलायचा नसतो त्यो." अण्णा म्हणाले. "रिंग हाय ती. पोचलो म्हणून कळलं तिला."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातात नुसता धरला. मग खाली वाकले आणि पुढचं टायर अंगठ्यानं दाबायला लागले. बराच वेळ दाबत राहिले. मान वर केली नाही, आणि मीही दुसरीकडे बघत उभा राहिलो.

"हवा बरोबर हाय," अण्णा म्हणाले.